घागबाईंचं मस्टर

आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, घागबाईंच्या दाराबाहेर, मोटारसायकलच्या जुन्या क्लच वायरींनी भरलेली तीन पोती दोन वर्षं पडून होती. त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. सोसायटीने तीन नोटिसा काढल्या. तिन्ही घागबाईंनी चष्मा लावून वाचल्या, मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिली आणि विषय संपवला. एकदा माझ्या नवऱ्याचा पायजमा पोत्यातून बाहेर आलेल्या तारेत अडकून गुडघ्यापर्यंत फाटला, तेव्हा मी तणतणत भांडायला वर गेले. बाई फाटका पायजमा न्याहाळून म्हणाल्या, "बघ. माणसाचा पाय सुटत नाही. मग जनावराचं काय होत असेल?" आणि मला चहा दिला. भांडण राहिलं, पायजमाही राहिला.

घागबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी प्रयत्न केला. पण त्यांचं नाव निघालं की मला आधी माझी मैद्याची चाळणी आठवते, मग तो पायजमा, मग रविवारी पहाटे दारावर पडणाऱ्या त्या तीन टकटकी, आणि डोक्यात तिडीक जाते. चांगलं काय ते त्यानंतर सुचतं.

उंची पाच फुटांच्या आतच. नेसूची साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला. भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्या तीस वर्षं टाइमकीपर होत्या. कामगार गेटातून आत आला की मस्टरमध्ये निळ्या शाईची बरोबरची खूण, उशीर झाला की लाल शाईत लेट मार्क. मूळच्या संगमेश्वरकडच्या, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. यापलीकडे त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणायच्या, "माझं काय लिहायचंय? मी गेटावर बसायची."

गेटावरची एक गोष्ट मात्र त्यांनी मला बऱ्याचदा सांगितली. पॅकिंग खात्यात सुलोचना नावाची एक बाई होती. सगळ्या नोकरीत तिला एकही लेट मार्क नाही. तिचा नवरा एकदा दारू पिऊन, हातात सळई घेऊन गेटावर आला आणि विचारायला लागला, सुलोचना किती वाजता सुटते? घागबाईंनी त्याला पाऊण तास बोलण्यात गुंतवला आणि सुलोचनेला मागच्या दाराने माहेरी धाडलं. "मस्टर बाहेरच्याला दाखवायचं नसतं," असं म्हणून त्या गोष्ट संपवायच्या. मी मान डोलवायची. पाचव्यांदा ऐकताना माणूस आणखी काय करणार?

निवृत्त झाल्यावर त्या शांतपणे घरी बसतील असं बिल्डिंगला वाटलं होतं. पण कारखान्यात पॉलिश खात्याला असलेले जानूकाका चेणे गावात राहायचे. घोडबंदर रोडच्या कडेला त्यांनी चहाची टपरी टाकली होती आणि मागे लगेच डोंगर, रान, ओढा. बाई एकदा त्यांच्याकडे गेल्या. जानूकाकांनी ओढ्याकाठच्या धुळीत बिबट्याचे ठसे दाखवले. दुसरी कोणी असती तर किंचाळली असती नाहीतर फोटो काढला असता. बाईंनी विचारलं, "जातो किती वाजता?"

"त्याला काय घड्याल हाय?" जानूकाका म्हणाले.

"त्याला नसेल. मला आहे."

झालं. त्या दिवशी बाजारातून एक नवं कोरं हजेरीचं मस्टर आलं.

त्या मस्टरात नाव, वेळ, कुठून कुठे आणि शेरा असे रकाने होते. नावं सगळी कारखान्यातली. ठरल्या वेळी ठरल्या वाटेने ओढ्यावर येणारी बिबट्याची मादी म्हणजे अर्थातच सुलोचना. तिच्यामागून कधी येणारं, कधी दांडी मारणारं पिल्लू म्हणजे 'बदली', कारण कारखान्यात कायम न झालेल्या कामगाराला बदलीच म्हणायचे. रानडुकरं घोळक्याने येत आणि जाताना घाण करून जात, म्हणून ती कॉन्ट्रॅक्टवाली. मी हसले तर बाई रागावल्या. म्हणाल्या, नाव नसलं की माणूस जनावराला काहीही करतो.

आमची ओळख वाढली ती सोसायटीच्या एका मीटिंगमुळे. व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरत होता. काळंभोर अस्वल कचऱ्याच्या डब्यात तोंड घालून उभं आहे, आणि खाली लिहिलेलं, 'घोडबंदर रोडवर अस्वल, मुलांना सांभाळा.' चेअरमन शहाभाई घामाघूम झाले होते. सेक्युरिटी वाढवा, फटाके आणा, वनखात्याला पत्र लिहा, असा नुसता गोंधळ. घागबाई उठल्या.

"टाइम क्या था?"

"अरे घागबेन, टाइम का क्या करना है? भालू है, भालू!"

"हां, मगर आया कितने बजे?" बाईंनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला. "शहाभाई, ये डब्बे को चाक है. अपने मीरा रोड में चाकवाला डब्बा किधर है? दिखाव. अपने इधर तो डब्बाच नहीं है." मीटिंग हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला आणि नंतर आठवडाभर मोबाइलवर त्या परदेशी अस्वलांचा अभ्यास केला. जिना चढता उतरता मला अडवून सांगायच्या, "ते हिवाळाभर झोपतं गं. वसंतात उपाशी बाहेर पडतं, कोवळा पाला शोधत उघड्यावर येतं, आणि नेमके तेव्हाच बंदूकवाले टपून बसलेले. तिकडे निदान परवाना लागतो, तारखा ठरलेल्या असतात. आपल्याकडे होळी झाली की एक क्लच वायर आणि एक खुंटी. बस. हाच सीझन."

दूध उतू जात होतं आणि मी अस्वलांवरचं व्याख्यान ऐकत होते. तरी त्यांनी पुढे जे सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं. पानगळ झाली की रानात प्रत्येक पाऊल वाजतं, आणि बिबट्याला आवाज परवडत नाही, म्हणून तो माणसाची पायवाट धरतो. वरची डबकी आटतात, म्हणून खाली ओढ्यावर येतो. मोहाची फुलं पडतात, त्यांना रानडुकरं येतात, आणि डुकरांच्या मागे हा. एरवी डोंगरभर विखुरलेली जनावरं या दोन-अडीच महिन्यांत एका वाटेवर, एका वेळेला. कोणीतरी डुकराच्या मटणासाठी वायरचा फास लावतं, आणि फासाला डुक्कर कुठलं नि बिबट्या कुठला हे कळत नाही. बाईंना एवढंच हवं होतं, की सुलोचना आणि तिचं पिल्लू पाऊस पडेपर्यंत धडधाकट राहावीत. बाकी जगाचं काहीही होवो.

त्यासाठी माझी स्कूटर लागायची. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, आठवड्यात एक रविवार मिळतो. होळीनंतरच्या प्रत्येक रविवारी पहाटे दारावर तीन टकटकी.

"काकू, आज नको. अंग दुखतंय."

"सव्वापाच. पाच सोळाला मी रिक्षा करीन."

त्यांनी खुशाल रिक्षा करावी, असं मला दर वेळी वाटायचं. पण त्या वयात, त्या अंधुक उजेडात, एकटी बाई हायवेवर उभी राहणार म्हटल्यावर मी शिव्या घालत चावी शोधायची. मागे बसून त्या माझ्या खांद्यावर थापटत सूचना करायच्या. काशिमिऱ्याच्या सिग्नलला डावीकडे राहा. हॉर्न नको. ट्रकला जाऊ दे, त्याची ड्यूटी संपलीये.

वाटेवर पोचल्या की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. पिशवीतून चाळणी निघायची. माझी चाळणी, दिवाळीच्या शंकरपाळ्यांना मैदा चाळायची. 'दोन मिनिटांसाठी' म्हणून नेली ती चार वर्षं परत आली नाही. वाटेच्या हातभर पट्ट्यावर त्या खराट्याने खडे बाजूला करायच्या आणि ओंजळ ओंजळ माती चाळून मऊशार थर पसरायच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी ठसा स्वच्छ उमटेल. आदल्या दिवशीच्या पट्ट्यांवर ओणवं होऊन पाहायच्या. दव पडण्याआधीचा की नंतरचा, मुंगी त्यावरून गेली का, यावरून वेळ काढायच्या. आठवड्यातले बाकीचे दिवस जानूकाका पाहून ठेवत, पण त्यांच्यावर बाईंचा विश्वास नव्हता. "जानू अर्धा तास पुढेमागे धरतो. पॉलिशवाले सगळे तसेच."

मी एका दगडावर बसून डास मारायची. एकदाच मी सुलोचनेला पाहिलं. ओढ्यापलीकडे, उजाडताना. ती थांबली, आमच्याकडे बघितलं आणि कंटाळल्यासारखी निघून गेली. पिल्लू मागून धडपडत आलं, पाण्यात पाय पडल्यावर दचकलं आणि आईमागे पळालं. माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणीही आलं असावं. घागबाई मनगट वळवून पुटपुटल्या, "पाच एक्कावन्न. एक मिनिट लवकर." मला त्यांना ओढ्यात ढकलावंसं वाटलं.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी चेण्यात गडबड झाली. पहाटे सरपणाला गेलेल्या दोन बायकांसमोर सुलोचना आली. झालं काहीच नाही, पण एक बाई पडली, मनगट मोडलं. गाव तापलं. पोरं म्हणायला लागली, सुतळी बॉम्ब लावू, वाघाला हाकलून देऊ. घागबाईंनी जानूकाकांच्या टपरीवर बैठक घेतली आणि मिटवलं. त्या म्हणाल्या, भांडण कशाचं आहे? वेळेचं. तुमची आणि तिची शिफ्ट एकावर एक येते. मी तुम्हाला तिची वेळ देते, तेवढ्यात तुम्ही जाऊ नका.

त्यांनी मस्टरावरून एक तक्ता काढला आणि तो टाइप करायला माझ्याकडे दिला. मी लॅबच्या कॉम्प्युटरवर केला, मोठ्या ठळक अक्षरात, चौकटी आखून. वर लिहिलं, 'सूचना. खालील ठिकाणी खालील वेळेत जाऊ नये.' पाच जागा, पाच वेळा. चौथ्या ओळीत होतं, 'करंजाचं वळण, पहाटे ५.४५ ते ५.५५.' झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून घेतलं. दिसायला इतका छान झाला होता की मी त्याचा फोटो काढला.

जानूकाकांनी तो टपरीच्या भिंतीवर लावताना डोकं खाजवलं. "बाय, वाघाची येल अशी भितीवर लावतान का? ज्याला न्हाय ठाव त्याला पन कलंल."

"कळायलाच लावलाय," बाई म्हणाल्या. "वेळ माहीत असली की भांडण होत नाही, जानू. तीस वर्षं बघितलंय मी."

आणि खरंच भांडण झालं नाही. बायका साडेसहानंतर जायला लागल्या. कोणी घाबरलं नाही, कोणी पडलं नाही. जानूकाका येणाऱ्याजाणाऱ्याला तक्ता दाखवायचे, ट्रकवाले चहा पिता पिता वाचायचे. घागबाई त्या पंधरा दिवसांत जितक्या खूश होत्या तितक्या मी त्यांना कधी पाहिल्या नाहीत. मला त्यांनी चक्क पुरणपोळी दिली.

होळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, वार साधा होता, सकाळी सहाला जानूकाकांचा फोन माझ्या मोबाइलवर आला. बाई फोन उचलत नव्हत्या, त्या आंघोळीला होत्या. जानूकाका एवढंच म्हणाले, "तिला फास बसलाय. बायला घेऊन ये."

स्कूटरवर मागून खांद्यावर थाप नाही, सूचना नाही. मी सिग्नल तोडला तरी नाही.

करंजाच्या वळणावर, खुंटीला बांधलेल्या वायरमध्ये सुलोचना कमरेत अडकली होती. जितकी ओढ घेईल तितकी वायर आत जात होती. तो आवाज मी इथे लिहीत नाही. वनखात्याची माणसं आली, त्यांनी लोकांना मागे केलं, इंजेक्शन मारलं, वायर कापली, पिंजऱ्यात घालून नेलं. सगळं त्यांनी जमेल तितक्या लवकर केलं. पिल्लू कुठेच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, सुलोचना गेली.

पण त्या सकाळी आम्ही परत निघालो तेव्हा घागबाई टपरीपाशी थांबल्या. भिंतीवरच्या तक्त्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मीही पाहिलं. लॅमिनेशनवर, चौथ्या ओळीपुढे, कोणीतरी बॉलपेनाने बरोबरची खूण केली होती. निळ्या शाईची. मस्टरात हजर माणसापुढे करतात तशी.

ती खूण कोणी केली हे आजतागायत कळलं नाही. टपरीवर दिवसाला पन्नास माणसं यायची. जानूकाका कपाळावर हात मारून घ्यायला लागले. बाईंनी तक्ता उतरवला, दोन्ही हातांनी धरून मोडायला गेल्या, पण लॅमिनेशन मोडेना. तसाच पदराखाली घेऊन माझ्या मागे बसल्या. बिल्डिंगखाली उतरल्यावर म्हणाल्या, "एका सुलोचनेची वेळ मी तिच्या नवऱ्याला सांगितली नाही. दुसरीची भिंतीवर लावली."

"काकू, तुम्ही चांगल्यासाठीच..."

"मस्टर बाहेरच्याला दाखवायचं नसतं, वैशाली. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं." आणि जिना चढून गेल्या. टाइप मी केलं होतं, चौकटी मी आखल्या होत्या, हे मला त्यांना सांगायचं होतं. सांगितलं नाही. आजही त्याचं वाईट वाटतं.

त्यानंतर क्लच वायरींचं सुरू झालं. बाईंनी मीरा रोड आणि काशिमिऱ्यातलं एकेक गॅरेज पालथं घातलं. जुनी क्लच वायर, ब्रेकची वायर, जे निघेल ते मला द्यायचं, बाहेर टाकायचं नाही. बदल्यात नारळाच्या वड्या. मेकॅनिक लोकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. एकाने माझ्यासमोर विचारलं, "आंटी, इतने वायर का क्या करोगे? फॅक्टरी डालनी है?"

"फॅक्टरी बंद करनी है," बाई म्हणाल्या आणि डबा त्याच्यापुढे सरकवला.

एके दिवशी माझा तोल गेला. पॅसेजमध्ये तिसरं पोतं आलं होतं. मी जिन्यातच ओरडले, "काकू, हार्डवेअरच्या दुकानात नवी वायर मिळते! ज्याला फास लावायचाय तो ती विकत आणील! तुम्ही सगळ्या शहराच्या वायरी घरात भरणार आहात का?"

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण विकत घ्यायला दुकानदाराला तोंड दाखवावं लागतं. एखादा तरी लाजेल." पोत्याचं तोंड आवळत म्हणाल्या, "बदली अजून तिथेच आहे."

मला वाटलं होतं पिल्लू मेलं असेल किंवा डोंगरात खोल निघून गेलं असेल. तसं नव्हतं. ते आईच्याच वाटेने ओढ्यावर येत होतं, कारण दुसरी वाट त्याला कोणी शिकवली नव्हती. पुढचा प्रत्येक सीझन त्याला त्याच करंजाच्या वळणावरून काढायचा होता. पण माझ्या दारावर टकटक आली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता नोंद करत नाही. तुझा रविवार तू झोप." दोन वर्षं मी ज्याच्यासाठी नवस करत होते ते मिळालं, आणि रविवारी पहाटे पाचला जागी होऊन मी छताकडे बघत पडायला लागले. याचाही मला रागच आला.

गेल्या पावसात घागबाई गेल्या, झोपेत, कोणाला त्रास न देता. हे मात्र त्यांच्या स्वभावाला सोडून झालं. संगमेश्वरहून भाची आली, तिने घर आवरलं. मला माझी चाळणी परत मिळाली, तळाला चेण्याची माती धरलेली. मस्टरही मिळालं. सुलोचना गेली त्या दिवसानंतरच्या पानांवर रकाने आखलेले होते, तारखा घातलेल्या होत्या, रोजच्या, दोन सीझनच्या. नाव, वेळ, शेरा, सगळं कोरं. भाचीला वाटलं मावशीची तब्येत तेव्हापासूनच बिघडली असावी. वायरींची पोती भंगारवाल्याला द्यावीत म्हणाली. मी नको म्हटलं. ती आता आमच्या दाराबाहेर आहेत. शहाभाईंची नोटीस आली आहे, नवरा बोलत नाही.

पण ती कोरी पानं मला कळली, कारण मी त्यांना त्याआधीच्या वैशाखात शेवटचं तिथे पाहिलं होतं. मला जानूकाकांनी फोन केला होता. "बाय रोज येतान. पयल्या बसने. गुडगा बघ केवढा सुजलाय, आयकत न्हाय. तू तरी सांग." मी तिरीमिरीत निघाले. काय काय बोलायचं ते हायवेवरच मनात तयार केलं. वयाचं, गुडघ्याचं, मला न सांगता जायचं.

करंजाच्या वळणावर त्या होत्या. साडी खोचलेली, बूट पांढरे, हातात जानूकाकांच्या अंगणातला लांब खराटा. वाटेवर ठसे होते. मऊ मातीत स्पष्ट उमटलेले, ओढ्याकडून वर गेलेले, मोठे. बदली आता पिल्लू राहिलं नव्हतं. घागबाई एका ठशापुढे उभ्या राहायच्या, वाकून बघायच्या आणि त्यावर खराटा फिरवायच्या. मग पुढचा. मागे वाट अशी राहत होती, जणू तिच्यावरून कोणी गेलंच नाही.

"काकू, हे काय चाललंय?"

"सहाला माणसं यायला लागतात," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्याआधी वाट साफ पाहिजे. तो कुठून जातो, कधी जातो, कोणाला कळायचं कारण नाही."

 मी नुसती उभी राहिले. त्या झाडत झाडत माझ्यापर्यंत आल्या आणि एकदम ओरडल्या, "पाय उचल गं! कुठे उभी राहिलीस बघ!"

मी बाजूला झाले. माझ्या चपलेखाली एक ठसा होता, माझ्या तळहाताएवढा, अर्धा मोडलेला. घागबाई गुडघ्यावर हात टेकून त्याच्यावर वाकल्या. मनगट वळवून त्यांनी घड्याळ पाहिलं. ओठ हलले, वेळ त्यांनी मनात म्हटली असावी, पण मला ऐकू दिली नाही. मग त्यांनी त्यावर खराटा फिरवला.